सात वेळा सुटलेली चूक

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, आणि पाठ वळली की वेलांटीबाई. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. कुणी 'परिस्थिति' असं ऱ्हस्व लिहून दिलं की त्यांच्या कपाळावर अशी आठी पडे, जशी पाहुण्यांसमोर पोरानं बाहीला नाक पुसल्यावर आईच्या कपाळावर पडते.

त्यांचं टेबल वरच्या मजल्यावर होतं. खाली यंत्र सुरू झालं की टेबल थरथरे, आणि पेन्सिल आपोआप उतारावर निघे. म्हणून त्यांनी कडेला एक पट्टी ठोकून घेतली होती. खिडकीची एक काच फुटली होती, तिथं न खपलेल्या कादंबरीचं जाड मुखपृष्ठ लावलं होतं. सत्तावीस वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्या टेबलाशी बसून बाईंनी प्रूफं वाचली. समासात बारीक लाल खुणा केल्या. दरमहा एक कादंबरी हा त्या छापखान्याचा नेम. मुखपृष्ठावर नाव एकाच लेखिकेचं, पण अशी कुणी लेखिका नव्हतीच. आळीपाळीनं पाचसहा जण त्या नावानं लिहीत.

"पहिल्या प्रकरणात भेट, चौथ्यात गैरसमज, नवव्यात दगा," मालक नव्या लेखकाला समजावत, "आणि शेवटी लग्न, नाहीतर क्षय."

"क्षय जरा जास्त होतोय मालक," बाई वरून म्हणत. "या वर्षातली ही चौथी नायिका."

"होऊ द्या बाई. क्षयाच्या जास्त खपतात."

पानावर नाव नसलं तरी कुठली कादंबरी कुणाची हे बाईंना दुसऱ्या पानावर कळे. लोक चालीवरून माणूस ओळखतात, बाई चुकीवरून ओळखत. एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांचं पेन जिथं टेके तिथं अनुस्वार पडे. एका डॉक्टरांच्या बायकोला रफार नेमका कुठल्या अक्षरावर द्यायचा हे जन्मात कळलं नाही. तिच्या कादंबरीत सगळे वडीलधारे 'आर्शीवाद' देत. आणि एक लेखिका अशी होती, की तिचं सगळं लेखन धुतल्या तांदळासारखं, पण एक शब्द कायम उलटा. 'हुरहूर' या शब्दात पहिला हु ऱ्हस्व आणि दुसरा हू दीर्घ. ती लेखिका लिही 'हूरहुर'. प्रेमाच्या कादंबरीत हा शब्द यायचाच. बाई तो दर वेळी सरळ करत आणि कुणाला काही बोलत नसत. कारण ती लेखिका म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण.

ती चूक मुळात आईची. आईची शाळा चौथीत सुटली. या दोघी शिकायला शहरात मावशीकडे राहिल्या, तेव्हा आई दर आठवड्याला पत्र टाकी, आणि प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं: तुम्ही दोघी गेल्यापासून जिवाला हूरहुर लागली आहे. थोरलीनं, म्हणजे आपल्या बाईंनी, चौदाव्या वर्षी त्या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि सुटीत घरी गेल्यावर आईला दाखवला. आई हसली. "तुझी हुरहूर शहाणी गं बाई. माझी आपली अशीच." धाकटीला त्या गोलाचा असा काही राग आला, की त्या दिवसापासून तिनं तो शब्द आईसारखाच लिहायचं ठरवलं. बरोबर कसा लिहायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. आई गेल्यावर तर तो हट्टच झाला.

"ताई, या खेपेला माझी हूरहुर किती वेळा मारलीस?"

"पाच वेळा."

"पाप लागेल तुला."

"पगार लागतो."

आईची पत्रं थोरलीनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. डबा कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली.

बाईंचं लग्न झालं नाही. का नाही, हे छापखान्यात फक्त जिन्याला माहीत असेल. खाली छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारा एक जुळारी होता. अबोल, काळी पडलेली बोटं, आणि हात इतका स्वच्छ की त्याच्या पानात चुका सापडेनात म्हणून बाईंना उगाच चुकल्यासारखं होई. कच्चं प्रूफ वर पाठवायला पोऱ्या असायचा. पण हा स्वतः जिना चढून यायचा. दोन वर्षं यायचा. "बाई, तुमची खूण म्हणजे सुईचं टोक," असं एकदा म्हणाला होता. बाईंनी ते वाक्य घरी नेलं आणि बरेच दिवस जपून वापरलं. मग एके दिवशी तो प्रूफ ठेवून तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमची धाकटी बहीण हस्तलिखित द्यायला येते ना... त्यांना विचारून सांगाल का? मला काही ते जमायचं नाही."

बाईंनी विचारून सांगितलं. लग्नपत्रिका त्याच छापखान्यात छापली. बाईंनी तिचं प्रूफ तीनदा वाचलं. एक अनुस्वार तिरका होता, तोही सरळ करून घेतला. धाकटीला यातलं काही कळलं नाही असं त्या धरून चालल्या. तसं धरून चालणं सोयीचंही होतं.

पुढं बारातेरा वर्षं बरी गेली. धाकटी एका विमा कचेरीत टंकलेखनाची नोकरी करी, वर्षाला एक कादंबरी लिही. एक मुलगी झाली. बाई रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात, भाचीचं शुद्धलेखन बघत, आणि जुळारी दारात सोडायला आला की "या बरं का ताई" म्हणे. लग्नानंतर तोही त्यांना ताईच म्हणू लागला होता.

मग ते वर्ष आलं. सकाळी रेडिओवर एक सरकार होतं, दुपारी दुसरं, आणि संध्याकाळी नुसतं बँडचं संगीत. बँकांची दारं बंद झाली ती तीन महिने उघडली नाहीत. उघडली तेव्हा आतल्या नोटांत साबणाची वडी येईना. कारखाने एकामागून एक गप्प झाले. चौकाचौकात रांगा: रॉकेलची रांग, साखरेची रांग, आणि नुसतं 'पुढं काय मिळतंय' हे विचारायला उभी राहिलेली रांग. नवल एवढंच, की कादंबऱ्यांचा खप वाढला. रांगेत चार तास उभं राहायचं तर हातात काहीतरी हवं. लोकांना प्रेम हवं होतं, दगा हवा होता. फक्त तो दुसऱ्याचा असावा एवढंच.

कागदावर बंधनं आली. छापण्याआधी प्रत्येक पान एका नव्या कचेरीत दाखवून आणावं लागे. तिचं पाटीवरचं नाव लांबलचक होतं. लोक नुसतं 'वाचन खातं' म्हणत. मालकांना सरकारी नोटिसा छापायचं काम मिळालं, म्हणून छापखाना तगला. पण जुळाऱ्यांचे पगार चार महिने थकले. शेवटी शहरातले सगळे जुळारी कामं टाकून कागदाच्या सरकारी गोदामावर मोर्चा घेऊन गेले. आपला जुळारी पुढच्या रांगेत होता. घोषणा जमत नव्हत्या त्याला, म्हणून त्याच्या हातात फलक दिला होता. गोळी फलकातून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाईंच्या टेबलावर सरकारी नोटिशीचं प्रूफ आलं. काल गोदामापाशी चेंगराचेंगरी होऊन एक इसम मरण पावला. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. आठ ओळी. मालक स्वतः वर आले होते. बाईंकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही नाही वाचलंत तर दुसरं कोणी वाचेल. आणि मग नोटिसांचं काम जाईल. खाली अठरा माणसं आहेत." बाईंनी प्रूफ वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ ठीक, विरामचिन्हं ठीक. खाली सही केली. मग त्याच पायी बहिणीकडे गेल्या आणि तेरा दिवस तिथं राहिल्या. नोटिशीचं तिला सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करताकरता ते राहूनच गेलं.

धाकटीनं छापखान्यासाठी लिहिणं सोडलं. विमा कचेरी कशीबशी चालू होती, तेवढ्यावर ती आणि मुलगी राहत. दोन वर्षांनी शहरात एक कादंबरी फिरू लागली. छापलेली नव्हे, टाईप करून सायक्लोस्टाईलवर काढलेली, महिन्याला एक प्रकरण, नाव ना गाव. लोक ती पिठाच्या डब्यात ठेवत, चादरीच्या घडीत ठेवत, वाचून झाली की शेजारच्या घरी साखर मागायला जाण्याच्या निमित्तानं पोचवत. साखर कुणाकडेच नव्हती, त्यामुळे हे निमित्त सगळ्यांना लगेच कळे. गोष्ट दोन बहिणींची, एका कामगाराची आणि गोदामापाशी सुटलेल्या गोळीची आहे, एवढं बाईंच्या कानावर आलं. त्या रविवारी भांडी पुसतापुसता त्यांनी विषय काढला.

"लोक काहीबाही वाचतायत म्हणे हल्ली."

"वाचू देत," धाकटी म्हणाली. "तू मात्र वाचू नकोस, ताई."

"का?"

"तुला चुका दिसतील."

दोघी हसल्या. पण धाकटीनं वर पाहिलं नाही. बाईंना कळायचं ते कळलं, आणि त्यांनी ठरवलं: आपण ते पान हातात धरायचं नाही. न वाचलेल्याबद्दल आपल्याला कोण काय विचारणार.

वाचन खात्यातल्या लोकांना मात्र उशिरा का होईना एक गोष्ट सुचली. शहरात लिहिणाऱ्यांना नावानिशी ओळखणारे पुष्कळ. पण निनावी पानावरून ओळखणारे म्हणजे प्रूफं वाचणारे. त्यांनी एकेका छापखान्यातून त्यांना बोलवायला सुरुवात केली. बाईंचा नंबर एका मंगळवारी आला.

साहेब पूर्वी शाळेत भाषा शिकवत होते. ते त्यांनी स्वतःच सांगितलं. खोलीत एक लांब टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जुन्या घड्याळाचा फिकट गोल. घड्याळ काढून नेलेलं. चहा आला, बिनसाखरेचा.

"साखरेचं मनावर घेऊ नका बाई. आमच्याकडेही नाही. तुमचं नाव फार ऐकलंय. वेलांटीबाई म्हणतात ना?"

"पाठीमागे म्हणतात."

"माझी मुलं मला पाठीमागे काय म्हणायची ते सांगत नाही." ते स्वतःच हसले, आणि त्यांनी पानांचा गठ्ठा पुढं सरकवला. "एवढं वाचून बघा. काही घाई नाही. ओळखीचा हात वाटला तर सांगा, नाही वाटला तर नाही म्हणा. मी बाजूलाच आहे."

बाई घरून ठरवूनच निघाल्या होत्या: नाही म्हणायचं. पान कितीही बोललं तरी आपण गप्प. धाकटीच्या मागं कुणी नाही, पदरात बारा वर्षांची मुलगी. त्यांनी चष्मा लावला, पर्समधून लाल पेन्सिल काढली आणि वाचू लागल्या. पेन्सिल का काढली? सत्तावीस वर्षांत पेन्सिलीशिवाय त्यांनी एकही पान वाचलं नव्हतं. बाकीचे लोक वाचायला खिशातून चष्मा काढतात तशी ती निघाली.

साहेबांनी पेन्सिलीकडे एकदा पाहिलं.

पहिल्या दोन प्रकरणांत जिना होता, खाली थरथरणारं यंत्र होतं, आणि वर कच्चं प्रूफ घेऊन येणारा माणूस होता. बाई वाचत होत्या आणि हात आपलं काम करत होता. एक सुटलेला स्वल्पविराम, एक जोडायचा राहिलेला शब्द, टाईपच्या घाईत उलटसुलट झालेली दोन अक्षरं. समासात बारीक लाल खुणा उमटत होत्या. तिसऱ्या प्रकरणात तो शब्द आला. हूरहुर. पेन्सिल त्या शब्दापाशी गेली आणि थांबली. इथं खूण केली तर हा माणूस विचारेल, बाईंच्या मनात आलं. आणि दुसरंही एक आलं: इथं पगार नाही, मालक नाही, मग आईचा शब्द कशाला मारायचा? पेन्सिल पुढच्या ओळीवर गेली.

चौथ्या प्रकरणात थोरली बहीण लग्नपत्रिका तीनदा वाचत होती.

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. बाईंनी चष्मा काढून पुसला. चहा निवला होता, तो त्यांनी तसाच संपवला. धाकटीनं लिहिलं होतं: तिनं एक तिरका अनुस्वार सरळ करून घेतला, आणि मी ते पाहिलं, आणि मी काही बोलले नाही, कारण मला तो माणूस हवा होता. बाईंना वाटलं, हे एवढं वाक्य हिनं पंधराएक वर्षं कुठल्या डब्यात ठेवलं होतं?

आणि सातव्या प्रकरणात ती नोटीस होती. आठच्या आठ ओळी, जशाच्या तशा. खाली लिहिलं होतं: मोठीनं ती नोटीस वाचली, आणि तीत तिला एकही चूक सापडली नाही.

किती वेळ त्या एका ओळीवर नजर होती, बाईंना सांगता आलं नसतं. हात मात्र चालू होता. शेवटचं पान उलटून त्यांनी गठ्ठा नीट जुळवला, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "नाही साहेब. ओळखीचा हात नाही."

"नाही?" साहेब गठ्ठा उलटून बघू लागले. शाळेत वह्या तपासणारा माणूस. झरझर पानं उलटत होता. "काय सुंदर खुणा आहेत बाई. सुईचं टोक." हे शब्द बाईंनी याआधी एकाच माणसाकडून ऐकले होते. "हे बघा, इथं 'स्थिती' दीर्घ करून दिलीत. इथं अनुस्वार. मला नसता दिसला हा. अडुसष्ट पानांत, माझ्या अंदाजानं, तुमच्या नजरेतून काही सुटलं नाही." त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "हे सोडून."

"राहून गेलं असेल."

"असेल ना. एकदा राहतं. दोनदा राहतं." ते पानं मागं-पुढं करत राहिले. "सात वेळा, बाई. सातही वेळा त्या शब्दाच्या अलीकडे खूण आहे, पलीकडे खूण आहे. एके ठिकाणी तर पेन्सिल टेकल्याचा ठिपकाही आहे. मग उचललीत."

साहेबांनी एक कोरा कागद पुढं सरकवला.

"तुम्ही लिहून दाखवा बरं हा शब्द."

बाईंनी लिहिला. हुरहूर.

"म्हणजे येतो तुम्हाला." साहेबांनी कागद जवळ घेतला. आवाज चढला नव्हता. वर्गात हुशार मुलीनं कॉपी केल्यावर मास्तरांना वाईट वाटावं तसं त्यांना वाटलेलं दिसत होतं. "मी तेवीस वर्षं वह्या तपासल्या. मूल स्वतःच्या बहिणीची वही तपासताना काय करतं माहीत आहे? सगळ्या चुका दाखवतं आणि एक झाकतं."

बाईंना धाकटी बहीण आहे हे साहेबांना तोवर ठाऊक नव्हतं. ते त्यांनी नुसतं उदाहरण दिलं होतं. पण बाईंचा चेहरा पाहून त्यांनी बाहेर कुणाला तरी हाक मारली.

बाईंना तिथंच बसवून ठेवलं. तीन वाजता दोन माणसं त्यांच्या घराची झडती करून बिस्किटांचा डबा घेऊन आली. साहेबांनी वरचीच चार पत्रं वाचली, आणि चारही पत्रांत ते वाक्य होतं. जिवाला हूरहुर लागली आहे. पत्रांवर वर मायना: चि. दोघींस.

"आई हयात नाहीत," साहेब म्हणाले. "तुम्ही बरोबर लिहिता. मग उरलं कोण?"

नाव वेलांटीचं, आणि घात केला उकारानं. हे बाईंच्या मनात तिथंच, त्या खुर्चीत आलं, आणि आपल्याला अशा वेळी असलं काही सुचतं याची त्यांना लाज वाटली. त्या उठून उभ्या राहिल्या. मी लिहिलंय म्हणाल्या. सगळं मीच लिहिलंय. साहेबांनी मान हलवली. "बाई, तुमच्या हातून ही चूक होणार नाही. तुमची तेवढी ख्याती आहे."

साडेपाचला त्यांना सोडलं. त्या बहिणीच्या घराकडे जवळजवळ पळतच गेल्या. दार उघडं होतं. टाईपरायटर नव्हता, टेबलावर त्याच्या पायांचे चार स्वच्छ गोल होते, भोवती धूळ. भाची शेजारणीच्या मांडीला टेकून बसली होती. शेजारणीनं बाईंकडे एकदाच पाहिलं आणि मुलीला म्हणाली, "आली तुझी मावशी. जा." एवढंच. पण पुढं तिनं बाईंशी कधी शब्द काढला नाही.

कारण सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की वेलांटीबाई सकाळी वाचन खात्यात गेल्या, त्यांनी तिथं चहा घेतला, आणि दुपारी बहीण उचलली गेली. छापखान्यात कुणी काही विचारलं नाही. एक दिवस खालून मोठ्यानं आवाज आला, त्यांना ऐकू जाईल असा: "बाईंनी शेवटचं प्रूफ पास केलं म्हणे." कुणी हसलंसुद्धा नाही. मालकांनी महिनाअखेर त्यांना बोलावून सांगितलं, जुळारी तुमची प्रूफं घ्यायला तयार नाहीत. बाई म्हणाल्या, बरं. टेबलाच्या कडेची पट्टी काढायला त्या स्वतःच पकड घेऊन आल्या.

सांगणार तरी काय? मी तिचं नाव घेतलं नाही, मी फक्त एक चूक काढली नाही? असं कुणाला पटलं असतं? रोजच्यासारखं काम केलं असतं, सातही वेळा तो शब्द मारला असता, तर त्या अडुसष्ट पानांत तो इतर चुकांत मिसळून गेला असता. एवढं त्यांना पुरेपूर कळत होतं. आणि कधीकधी, भाचीच्या वेण्या घालताना हात थांबे आणि मनात येई: सातव्या प्रकरणानंतर मी खरंच तिला वाचवायला सोडला का तो शब्द? त्याचं उत्तर त्यांनी स्वतःलाही दिलं नाही.

आठ महिन्यांनी पहिलं पत्र आलं. तुरुंगातून, एका बाजूला लिहिलेलं एक पान, वर वाचन खात्याचा शिक्का. भाचीनं मोठ्यानं वाचलं. मी बरी आहे. थंडी आहे. मुलीला दूध मिळतं का. तिच्या अक्षराकडे लक्ष दे. तुम्हा दोघींच्या आठवणीनं जिवाला हुरहूर लागते.

"मावशी, काय झालं?"

बाईंनी पत्र हातात घेतलं. अक्षर धाकटीचंच. त्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं, जसं कुठलंही प्रूफ वाचलं असतं तसं. पहिला हु ऱ्हस्व, दुसरा हू दीर्घ. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो शब्द बरोबर लिहिला होता. म्हणजे तिला सांगितलं होतं. ती कशावरून सापडली, कुणाच्या हातून सापडली, हे तिला कुणीतरी बसवून, पानं दाखवून सांगितलं होतं.

त्या पत्रात एकही चूक नव्हती.

बाईंनी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. एकच बाजू लिहायची परवानगी. घडलेलं सांगायची सोय नव्हती. तसलं वाक्य शिक्क्याच्या पुढं गेलंच नसतं. म्हणून त्यांनी मुलीचं दूध लिहिलं, मुलीचं अक्षर लिहिलं, आणि शेवटी, चौदाव्या वर्षापासून जे कधी केलं नव्हतं ते केलं. जिवाला हूरहुर लागली आहे. लिहिताना हात इतका अडखळला की तो शब्द लहान मुलानं काढल्यासारखा दिसला. धाकटीला तो दिसला की पुरे. बाकी काही सांगावं लागणार नाही.

तीन आठवड्यांनी पत्र परत आलं. पाकिटावर छापील चिठ्ठी: मजकुरात संशयास्पद अक्षरबदल, पोहोचवता येत नाही. आत त्या एका शब्दाभोवती लाल शाईचा गोल होता, आणि समासात, नीटस मास्तरी अक्षरात, लिहिलं होतं: हुरहूर.

भाची खांद्यावरून बघत होती. "एवढंच ना? मग बरोबर लिहून टाक की मावशी. तू तर शिकवतेस मला."

बाईंनी नवा कागद घेतला. दूध लिहिलं, अक्षर लिहिलं, थंडीसाठी स्वेटर पाठवते लिहिलं. शेवटचं वाक्य लिहिलं. पहिला हु ऱ्हस्व, दुसरा हू दीर्घ. सवयीनं एकदा वाचून पाहिलं, घडी घातली आणि भाचीच्या हाती पेटीत टाकायला दिलं.

ते पत्र पोचलं.